मोठ्या पिंजऱ्यात गेलेली कापशी कोपऱ्यातून हलेना

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. कापशी ही ३ वर्षांची, पांढरी, लाल डोळ्यांची सशाची मादी. आणल्यापासून ती तुमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी हॉलमध्ये, २ बाय दीड फुटाच्या तारेच्या पिंजऱ्यात राहिली. आता तुम्ही हौसेनं फॅब्रिकेटरकडून ६ बाय ४ फुटांचा पिंजरा करून घेतलात, त्याला ऑइल पेंट मारलात, मागच्या गॅलरीत ठेवलात आणि रविवारी तिला आत सोडलंत. तेव्हापासून ती एका कोपऱ्यात अंग चोरून बसते, डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत राहते, रात्री पाय आपटते, ट्रे सोडून भलतीकडेच लघवी करते, आणि मुलीनं आत हात घातला तेव्हा चावली. खाणं कमी झालंय, पण बंद नाही. तुम्ही विचारताय, परत जुन्या पिंजऱ्यात टाकू की थोडी कळ काढू?

बाकी सगळं बोलण्याआधी पोटाचं बोलू, कारण तिथे थांबायला वेळ नसतो. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. घाबरलेला ससा खाणं सोडतो, खाणं सोडलं की आतडं मंदावतं, पोटात गॅस धरतो, दुखायला लागतं आणि मग तो आणखी खात नाही. १०-१२ तास तोंडात काहीच गेलं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर पिंजऱ्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरकडे निघा, सकाळची वाट बघू नका. धडधाकट ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो. मोजत बसायची गरज नाही, रोज सकाळी ट्रेकडे नीट बघितलं की अंदाज येतो. लेंड्या अचानक बारीक झाल्या, निम्म्यावर आल्या, किंवा मऊ चकचकीत गोळ्यांचे घोस न खाता तसेच पडून राहिले (एरवी ससे ते स्वतःच खातात आणि ते त्यांच्या तब्येतीला लागतं), तर सावध व्हा. आपल्याकडे सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत. पण कुठेही जाण्याआधी फोन करून सशांचं कोण बघतं, ते विचारून घ्या. गाई-कुत्र्यांचे डॉक्टर भरपूर मिळतात, सशांचा सराव असलेले कमी. आणि घरातलं माणसांचं औषध अजिबात देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक तोंडावाटे गेलं, तर सशाच्या आतड्यातले उपयोगाचे जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो.

कापशी थोडंफार खातेय, म्हणजे आपल्या हातात वेळ आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. पिंजरा मोठा झाला म्हणून ती बिथरली, असं तुम्हाला वाटतंय. माझं मत वेगळं आहे. तुमच्या मजकुरात एकाच दिवशी झालेले निदान चार बदल मला दिसतात. जागेचं माप बदललं. हॉल जाऊन गॅलरी आली, म्हणजे आवाज, उजेड आणि वारा सगळंच बदललं. जुना ट्रे, वाटी, बसायचं पोतं तुम्ही स्वच्छ धुऊन काढलंत, म्हणजे तिचा स्वतःचा वास गेला. आणि वर नव्या रंगाचा उग्र वास आला. यातला एकेक बदल तिनं पचवला असता. चारही एका संध्याकाळी अंगावर आले.

हे समजायला पाळीव ससा मुळात कुठला, ते माहीत असलेलं बरं. आपल्या विदर्भात शेताच्या बांधावरून उड्या मारत पळणारा ससा वेगळा. तो बीळ करत नाही, गवतात खोलगट जागा करून बसतो, आणि तो वन्यजीव आहे, त्याला पाळता येत नाही. आपण घरात सांभाळतो ते ससे स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशांचे वंशज. बिळातला ससा चरायला बाहेर येतो तो बिळाच्या तोंडापासून फार लांब जात नाही. जरा खुट्ट झालं की आत. त्याचं धाडस किती, हे मोकळी जागा किती यावर ठरत नसतं, आत घुसायचं भोक किती जवळ आहे यावर ठरतं. कापशीला तुम्ही २४ चौरस फुटांचं मैदान दिलंत, पण तिचं बीळ काढून घेतलंत. ते अरुंद, तारेचं, गैरसोयीचं असलं तरी तिचं बीळ तेच होतं.

वासाचंही तसंच. सशाच्या हनुवटीखाली ग्रंथी असतात. वाटीला, दाराच्या कडेला, तुमच्या पायाला ती हनुवटी घासते तेव्हा ‘हे माझं’ अशी खूण ठेवत असते. तुम्ही सगळं धुतलंत तेव्हा या खुणा पुसल्या गेल्या. आता ती ट्रेबाहेर लघवी करतेय ती रागानं किंवा सूड म्हणून करत नाही. नव्या जागेवर नाव घालायला तिच्याकडे दुसरं काही नाही. तिला यासाठी कोणी रागवू नका, पाणी शिंपडू नका.

डोकं हलवण्याबद्दल तुम्ही विशेष काळजीनं लिहिलंय. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, त्यांची नजर कमजोर असते. समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला ते डोकं हळूहळू दोन्हीकडे झुलवतात. जुन्या पिंजऱ्यात बघण्यासारखं काही लांब नव्हतंच, म्हणून तुम्हाला हे कधी जाणवलं नसेल. आता पलीकडचं टोक तिला धूसर दिसतं, म्हणून ती मान फिरवून अंदाज घेतेय. मात्र डोकं एकाच बाजूला वाकडं राहत असेल, तोल जात असेल किंवा बुबुळं थरथरत असतील, तर ती वेगळी गोष्ट. मग डॉक्टरच.

आता परत टाकू की कळ काढू? दोन्ही नको. जुना पिंजरा गच्चीवर पडलाय म्हणालात, तो खाली आणा. भंगारात दिला नाहीत हे फार चांगलं झालं. आज तिला हॉलमध्ये, त्याच जुन्या जागी, जुन्या पिंजऱ्यात राहू द्या. दोन-चार दिवस नीट खाऊ द्या, लेंड्या पूर्ववत होऊ द्या. हे माघार घेणं नाही. भूक आणि भीती एकत्र असताना कुठलंच जनावर नवं काही शिकत नाही.

तेवढ्या दिवसांत नव्या पिंजऱ्याचं काम करायचं आहे. पहिलं काम रंगाचं. ऑइल पेंटचा वास आपल्याला जाणवेनासा झाला तरी सशाला येत राहतो. पिंजरा गच्चीवर उन्हात ठेवा. मग एका दुपारी त्यावर चादर टाकून तासभर झाकून ठेवा आणि चादर उचलून लगेच आत नाक घाला. वास आला तर अजून ऊन द्या. शिवाय ससे गज कुरतडतात, आणि तो रंग पोटात जाणं चांगलं नाही. तोंड पोहोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचा रंग खरवडून काढता आला तर उत्तम. पुढे कोणाला असा पिंजरा करायचा असेल त्यांनी खालचा पट्टा बिनरंगाचाच ठेवायला सांगावं. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी असेल तर ती व्हिनेगर-पाण्यानं ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून घ्या, म्हणजे वरवरची पूड निघून जाते.

दुसरं, तळ. तळाला जाळी असेल तर ती झाकायलाच हवी. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. तारेवर उभं राहून टाचा सोलवटतात, जखमा होतात, त्या महिनोन्महिने भरत नाहीत. कापशी ३ वर्षं तारेवर राहिली आहे, तर एकदा तिचे मागचे पाय उलटून बघा. केस गेलेली लाल कातडी दिसली तर ती हलत नाही याचं अर्धं कारण तिथेच सापडेल. गुळगुळीत टाइलवरही ससे चालत नाहीत, पाय घसरले की तिथेच थिजतात. माझ्या अनुभवात शिंदीची चटई सगळ्यांत बरी. पकड मिळते आणि कुरतडली तरी फारसं बिघडत नाही. जुनी सुती सतरंजीही चालते, पण कापशी तिचे धागे ओढून गिळत असेल तर काढून टाका.

तिसरं, छप्पर. निम्म्या भागावर वरून आणि दोन बाजूंनी जाड चादर टाका. वरून उघडी जागा सशाला नको असते. घारीची भीती त्यांच्या रक्तातच आहे, मग घर महालातलं असो की जंगलातलं.

आता जागेबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की पिंजरा गॅलरीत नकोच. गल्लीतली मांजरं, कावळे, गाड्यांचे हॉर्न, आणि आणखी दोन महिन्यांनी येणाऱ्या झळा. हॉलमध्येच, जुन्या कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत येईल असा तो बसवा. टीव्ही आणि स्वयंपाकघरातला मिक्सर यांच्यापासून जेवढा लांब जमेल तेवढा. ६ बाय ४ जागा हॉलमध्ये जात नसेल, तर तशी सोय होईपर्यंत थांबा.

मग जुना पिंजरा, दार काढून किंवा सुतळीनं उघडं बांधून, नव्या पिंजऱ्याच्या आत झाकलेल्या बाजूला ठेवायचा. आतली कुठलीच गोष्ट धुवायची नाही. तेच पोतं, तीच वाटी, ट्रेमध्ये मूठभर जुनं ओलं तणस राहू द्यायचं. एक स्वच्छ सुती फडकं तिच्या गालांवरून, हनुवटीखालून हलकेच फिरवा आणि तेच नव्या पिंजऱ्याच्या गजांवर, कडांवर, खोक्यावर पुसा. असं रोज एकदा. म्हणजे ती बाहेर डोकावेल तेव्हा तिच्या नाकाला आधी स्वतःचाच वास येईल.

खोकं म्हणजे किराणा दुकानातला पुठ्ठ्याचा बॉक्स. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका आणि त्याला दोन भोकं पाडा. दोन हवीतच. एकच वाट असलेल्या जागेत ससा अडकल्यासारखा होतो. हा बॉक्स जुन्या पिंजऱ्याच्या दारापासून दोन-तीन उड्यांच्या आत ठेवा, पलीकडच्या टोकाला नको.

आणि मग तिला बाहेर काढायचं नाही. ती निघेल. माझ्याकडे आलेल्या सशांपैकी एक महालातलाच होता. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात वाढलेला नर. त्याला अख्खी खोली उघडी करून दिली, तरी कितीतरी दिवस तो पिंजऱ्याच्या मापाच्याच तुकड्यात पुढे-मागे फिरायचा, जणू गज अजून तिथेच आहेत. त्याला ढकलून, उचलून काही उपयोग झाला नसता. वाटीनं ते काम केलं. वाटी आज दाराच्या आत, दोन दिवसांनी उंबऱ्यावर, मग एक वीत बाहेर, मग एक हात बाहेर. कापशीसाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या वापरा, सांबार न आवडणारा ससा मला अजून भेटलेला नाही. संध्याकाळी एक काडी दारात, एक वीतभर पुढे, एक बॉक्सच्या तोंडाशी. तिनं एखाद्या दिवशी फक्त पहिलीच खाल्ली तर दुसऱ्या दिवशी अंतर वाढवू नका. मागचे पाय आतच ठेवून नुसतं अंग लांब ताणून ती काडी ओढेल, तेव्हा समजा की तिचं डोकं चालू झालंय. पळायची तयारी ठेवून ती पुढे बघते आहे. गाजर, पोळी, बिस्किटं मात्र आमिष म्हणून नकोत. गाजरात साखर फार, पोळी-बिस्किटांनी पोट बिघडतं, आणि आत्ता पोटाला धक्का नको. मुख्य खाणं वाळलेलं गवतच. टिमोथी मिळत असेल तर ते, नाहीतर स्वच्छ वाळवलेली हरळी. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं.

वेळ संध्याकाळची निवडा. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात. दुपारी तिच्या झोपेच्या वेळी हे प्रयोग केलेत तर ती हलणार नाही आणि तुम्हाला उगीच निराश वाटेल.

मुलीला चावण्याबद्दल. कापशीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल, आणि बहुतेक झालेलं नसावं, तर वयात आलेली मादी स्वतःच्या जागेत आलेल्या हातावर तुटून पडते. त्यात ती आधीच घाबरलेली. सशाला जवळपास चहूबाजूंनी दिसतं, पण नाकाच्या अगदी समोरचं दिसत नाही. मुलीनं हात नाकाशी नेला असेल तर तो तिला अचानक उगवल्यासारखा वाटला. सध्या पिंजऱ्यात कोणीच हात घालायचा नाही. गवत, पाणी, ट्रे बदलणं, हे ती दुसऱ्या टोकाला असताना आणि तुम्ही एकट्यानंच. मुलीला मात्र दूर ठेवू नका. रोज संध्याकाळी तिनं पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून मोठ्यानं पाठ वाचावा, कापशीकडे न बघता. तुमच्या मुलीचा आवाज आला म्हणजे काही वाईट घडत नाही, एवढं कापशीला कळायला हवं. पुढे ती स्वतः येऊन हुंगेल. तेव्हा मुलीनं कपाळावरून, दोन डोळ्यांच्या मध्ये, हळू हात फिरवावा. कापशी छातीचे-पोटाचे केस उपटून गवत गोळा करत असेल, तर ती खोटी गाभण अवस्था आहे. ती ओसरेपर्यंत हे सगळे बदल थांबवा.

किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलंय, आणि हे खरोखर सशावर अवलंबून आहे. चार-सहा महिन्यांचं पिल्लू एका रात्रीत पिंजरा पालथा घालतं. ३ वर्षं २ बाय दीड फुटात काढलेल्या मादीला दोन आठवडे लागले तर मी त्याला उशीर म्हणणार नाही, महिना लागला तरी घाबरणार नाही. शिवाय तिच्या अंगात तेवढी ताकदही नाही. न धावलेल्या सशाचे मागच्या पायांचे स्नायू आणि हाडं कमकुवत राहतात. म्हणून आत्ता माडी, शिडी, उंच फळी काही नको. सपाट जागाच असू द्या.

आजपुरतं एवढं करा: तिला हॉलमध्ये जुन्या पिंजऱ्यात ठेवा, लेंड्यांवर नजर ठेवा, टाचा बघा, नवा पिंजरा उन्हात टाका. बाकी सगळं पुढच्या आठवड्यापासून.

काही जण तुम्हाला सांगतील की जुना पिंजरा फेकून द्या, दोन दिवस उपाशी राहिली की आपोआप फिरेल. हे ऐकू नका. असा ससा शांत झालेला दिसतो, पण बहुतेक वेळा तो थिजलेला असतो. कान पाठीला चिकटलेले, डोळे विस्फारलेले, श्वास भरभर. निवांत ससा कसा दिसतो तेही लक्षात ठेवा: पाय मागे सोडून आडवा पडतो, एखादवेळी धप्पकन कुशीवर पडतो (पहिल्यांदा बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं), आणि हात फिरवताना दात अगदी हलके घासतो. दात मोठ्यानं करकरत असतील तर ते दुखणं.

उलट सल्लाही मिळेल, की ती लहान पिंजऱ्यात सुखी होती, मग तिथेच राहू द्या. ती तिथे सवयीनं राहत होती. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था सशांच्या जोडीसाठी ३ मीटर बाय २ मीटर आणि १ मीटर उंच एवढी जागा सुचवते. त्या मानानं तुमचा ६ बाय ४ सुद्धा लहानच आहे. पण तिथून रोज तीन-चार तास हॉलमध्ये फिरायला मिळालं तर कापशीचं आयुष्य बदलेल. तुम्ही जे करायला घेतलंय ते बरोबरच आहे.

आता उन्हाळा. आत्ता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे मार्चभर वेळ आहे. होळीचे दोन दिवस सोडून द्या, तेव्हा नवं काही करू नका. एप्रिलच्या आत ती रुळली पाहिजे, कारण सशाला २५ अंशांपर्यंत बरं वाटतं, ३०च्या पुढे त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. ससा घाम गाळत नाही, धापा टाकूनही त्याचं अंग फारसं निवत नाही, बरीचशी उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. कूलरशिवाय त्याला नागपूरचा उन्हाळा झेपत नाही, आणि कूलर सुरू होतानाचा दणका आणि घरघर याचीच त्याला भीती वाटते. म्हणून आत्तापासून कूलर रोज थोडा वेळ, पाणी न घालता, शेजारच्या खोलीत चालवा. मग दार उघडं ठेवून. मग हॉलमध्ये. झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि ओल्या हवेत गवत-तणसाला बुरशी लवकर धरते, तेव्हा ते रोज बदला. ऐन उन्हाळ्यात बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा. पाणी नळीच्या बाटलीतून देत असाल तर जड वाटीतही ठेवा, वाटीतून ससे जास्त पाणी पितात.

तुम्ही महालात आहात म्हणून आणखी एक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या भागातून मारबतीची मिरवणूक जाते. ढोल-ताशे आणि गर्दीचा तो आवाज सशाला फार होतो. त्या दिवशी खिडक्या बंद, पिंजरा पूर्ण झाकलेला, आणि जुना पिंजरा आत असलाच पाहिजे.

तो जुना पिंजरा काढायचा कधी? ती बाहेर चटईवर आडवी पडून झोपायला लागली, बॉक्समध्ये जायला लागली आणि लघवी परत ट्रेमध्ये करायला लागली, की मग. (मोठ्या जागेत ट्रे दोन ठेवा, दुसरा तिनं स्वतः निवडलेल्या कोपऱ्यात.) तेव्हाही एकदम उचलू नका. त्याच जागी आधी एक मोठं खोकं ठेवून दोन्ही शेजारी-शेजारी राहू द्या, आणि ती खोक्यात रमली की पिंजरा बाहेर घ्या. नंतर तो धुऊन गच्चीवर टाकू नका. आत तेच पोतं ठेवून हॉलमध्येच दार उघडं ठेवा. डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, तर तिला त्यातूनच नेता येईल आणि ती आपल्या पायांनी त्यात शिरेल.